ओघळणारा चेहरा आणि विरघळणारा दोरा



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार आला. सांगलीच्या एका भगिनींनी तो संकोचाने, नाव न छापण्याच्या अटीवर विचारला. पुण्याच्या एका वाचक भगिनींनी आडपडदा न ठेवता विचारला. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी तर ‘पत्नीच्या वतीने’ असे मथळ्यातच लिहून विचारला. चाकू न लावता आणि रुग्णालयात न राहता ओघळलेला चेहरा वर उचलून देणारे जे उपचार आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत, त्यांत तथ्य किती, धोका किती आणि आपण त्या वाटेला जावे की नाही, असा एकूण प्रश्नाचा आशय.

उत्तर मी लांबणीवर टाकीत होते. एक तर मी त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. तीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले, त्यात चेहरा वर उचलण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया पाहिल्या. अशा शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोके शस्त्रवैद्याच्या ताब्यात असते, म्हणून भूलतज्ज्ञाला उशाकडची आपली नेहमीची जागा सोडून बाजूला सरकावे लागते, आणि तेथून सारे स्पष्ट दिसते. दुसरे कारण घरगुती होते. हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मला विचारला होता आणि त्या वेळी मी हसले होते. त्यांच्या अनुमतीने आज ती हकीकत लिहीत आहे.

जाऊबाईंचे वय तेव्हा छप्पन्न. मधुमेह लक्षात आल्यावर त्यांनी मोठ्या निग्रहाने आहार सांभाळला, पहाटेची चाल कधी चुकविली नाही आणि दीड वर्षात सोळा किलो वजन उतरविले. रक्तातील साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना लागणारी धाप गेली. एवढे सारे कमावल्यावर त्यांना समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच वाक्य ऐकू येऊ लागले : “काय हो, आजारी होता का? फारच उतरलात.” वजन गेले ते पोटाबरोबर गालांतूनही गेले होते. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या खोल झाल्या होत्या, जबड्याची रेषा हनुवटीच्या दोन्ही बाजूंना तुटून तेथे कातडी लोंबू लागली होती. थोरल्या मुलाचे लग्न वैशाखात ठरले होते. माघ महिन्यातील एका दुपारी त्या एक रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यावर ‘जेवणाच्या सुट्टीत फेसलिफ्ट’ अशा अर्थाचा मजकूर होता आणि लग्नसराईची सवलत.

“ताई, मला तरुण दिसायचे नाही,” त्या म्हणाल्या, “मला बरी दिसायचे आहे. मी बरी आहे ना आता?”

मी हसले ते त्याआधी, पत्रक पाहताच. त्यांचे यजमान, म्हणजे माझे दीर, आदल्या रात्री ‘या वयात हे काय’ म्हणाले होते. लेकीने थट्टा केली होती. आणि जिच्याकडे वैद्यकीय सल्ल्यासाठी यावे ती मोठी जाऊही हसली. गुडघेदुखीसाठी आल्या असत्या तर मी हसले नसते. चेहऱ्याविषयीची तक्रार आपण तक्रार मानीतच नाही. ती एक तर नखरा, नाही तर वयाचा विसर. पण केस काळे करणाऱ्या, कवळी बसविणाऱ्या आणि मोतीबिंदूनंतर चष्म्याची फ्रेम तासभर निवडणाऱ्या आपण मंडळींनी नेमकी रेघ कोठे ओढायची? मला ती ओढता आली नाही. म्हणून मी पत्रक बाजूला ठेवून विषयाचा अभ्यास सुरू केला.

चेहरा ओघळतो म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण पुढील सर्व घोटाळे येथूनच सुरू होतात. आपण म्हणतो ‘कातडी सैल पडली’, पण कातडी हा केवळ सर्वांत वरचा थर. तिच्याखाली चरबीचे निरनिराळे कप्पे असतात, त्याखाली स्नायूंना जोडलेला एक चिवट पातळ पडदा असतो, आणि सर्वांच्या मुळाशी हाड. या पडद्याचे वर्णन मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी १९७६ साली केले, आणि आजची प्रत्येक चांगली फेसलिफ्ट शस्त्रक्रिया त्याच्या आधारानेच होते. हाडापासून कातडीपर्यंत जाणारे काही बळकट बंधही असतात. आपल्या घरातील कापसाची जुनी दुलई आठवावी. कापूस जागच्या जागी राहतो तो ठिकठिकाणी घातलेल्या टाक्यांमुळे. टाके ढिले झाले की कापूस खालच्या कडेला गोळा होतो, वर नुसते कापड उरते. गालांचे आणि जबड्याचे तसेच होते.

कातडीतील ताण टिकवून धरणारे प्रथिन म्हणजे कोलेजन. तरुणपण सरू लागल्यापासून ते दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते, आणि स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. पन्नाशीनंतर ‘एकाएकी वय दिसू लागले’ असे ज्या भगिनी म्हणतात, त्या कल्पनेने बोलत नसतात. हाडही झिजते : डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो, दाढा काढल्या असतील तर तेथील हाड वेगाने विरते आणि गालांचा आतला आधार जातो. उन्हाचा वाटा तर फार मोठा. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका मालमोटार चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. वय ६९, अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालविलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीच्या काचेतून येणारे ऊन वर्षानुवर्षे त्यांच्या डाव्या गालावर पडत राहिले. चेहऱ्याची उजवी बाजू एका माणसाची आणि डावी त्याच्या वडिलांची वाटावी, असा तो फोटो आहे. काच ऊब अडवीत नाही हे आपण जाणतो. कातडी सैल करणारे किरणही ती पुरते अडवीत नाही.

एवढे सारे थर एकाच वेळी सैलावत, झिजत किंवा रिकामे होत असतात, आणि बाजारातील प्रत्येक उपचार यांपैकी बहुधा एकाच थराला हात घालतो. हे सूत्र हाती असले म्हणजे जाहिरातींचे धुके बरेच विरळ होते.

धाग्यांचा उपचार सध्या सर्वाधिक बोलबाल्याचा आहे. त्यास थ्रेड लिफ्ट म्हणतात. कल्पना नवी नाही. काटेरी टाक्याचे पेटंट अमेरिकेत १९६४ सालीच घेतले गेले होते, आणि सुलामानिद्झे नावाच्या शस्त्रवैद्यांनी १९९० च्या दशकात रशियात चेहऱ्यासाठी असा काटेरी धागा वापरात आणला. शेताच्या बांधावरून चालताना लुगड्याच्या काठात जे कुसळ अडकते ते एकाच दिशेने सरकते, मागे ओढू गेल्यास काटे रुततात. या धाग्याचे काटेही तसेच. कानशिलाजवळ केसांच्या कडेला स्थानिक भूल देऊन बारीक छिद्र पाडतात, लांब बोथट सुईतून धागा गालाच्या चरबीच्या थरात सोडतात, काटे रुतले की वर ओढतात आणि उरलेले टोक कापून टाकतात. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. जुने धागे न विरघळणारे असत, ते पुढे कातडीखाली हाताला लागत, कधी टोक बाहेर येई. आजचे धागे विरघळतात. पॉलिडायॉक्सॅनोन हा पदार्थ शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी १९८० च्या दशकापासून वापरात आहे. त्याचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळून जातो. लॅक्टिक आम्लापासून बनविलेले धागे त्याहून अधिक काळ टिकतात. अशा सुळकेदार धाग्याला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ साली गालांसाठी मान्यता दिली.

धागा विरघळल्यावर उरते काय? त्याच्याभोवती शरीराने तयार केलेला तंतुमय पदर, थोडे नवे कोलेजन, आणि त्यामुळे काही काळ टिकणारी थोडी घट्टाई. परिणाम वर्ष-दीड वर्षाच्या पुढे राहील अशी अपेक्षा ठेवू नये. जास्तीची कातडी धागा कापून टाकीत नाही, ती केवळ वर सरकवितो. म्हणूनच ज्यांची कातडी फार लोंबत आहे, त्यांना कानापुढे चुण्या पडण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. ज्यांचा चेहरा नुकताच उतरू लागला आहे आणि कातडी अजून बऱ्यापैकी जाड आहे, त्यांना त्याचा उपयोग दिसतो.

दुसरा प्रकार उष्णतेचा. केंद्रित ध्वनिलहरींच्या साह्याने कातडीच्या वरच्या पृष्ठभागास न भाजता आत दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर सुईच्या टोकाएवढ्या जागी साठ ते सत्तर अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करतात. तेथील कोलेजन आकसते आणि पुढील दोन-तीन महिन्यांत नवे तयार होते. साडेचार मिलिमीटरची खोली म्हणजे वर सांगितलेल्या चिवट पडद्याची पातळी. या पद्धतीच्या एका यंत्राला अमेरिकेत २००९ साली भुवया उचलण्यासाठी आणि २०१२ साली मान व हनुवटीखालील भागासाठी परवानगी मिळाली. रेडिओलहरींचे यंत्र त्याहून जुने, २००२ सालचे. त्याची उष्णता अधिक पसरट असते. लेझरप्रमाणे कातडीच्या रंगद्रव्यावर हे अवलंबून नसल्याने आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात डाग पडण्याचा धोका तुलनेने कमी. मात्र मूळचाच चेहरा कृश असेल तर ही उष्णता उरलीसुरली चरबीही विरघळवून गाल अधिक खोल करू शकते. क्वचित जबड्याजवळच्या मज्जातंतूला धक्का बसून ओठाचा कोपरा काही आठवडे वाकडा राहतो. आणि दुखते, हे पत्रकात लिहिलेले नसते.

तिसरा प्रकार भरणीचा. यात काही ओढले जात नाही, रिकामा झालेला कप्पा भरला जातो आणि त्यायोगे वरची कातडी ताणली जाते. हायलुरोनिक आम्लाचे जेल हे सर्वांत प्रचलित. हे साधे इंजेक्शन आहे असे समजून लोक सर्वांत बेफिकीर असतात ते याच्या बाबतीत, आणि माझ्या दृष्टीने या तिघांत सर्वांत जपून करण्याची गोष्ट हीच. चुकून जेल रक्तवाहिनीत गेले तर कातडीचा तुकडा काळा पडून मरतो, आणि क्वचित प्रसंगी डोळ्यास रक्त पुरविणारी वाहिनी अडून दृष्टी कायमची जाते. टोचताना असह्य कळ आली, कातडी पांढरीफटक पडली वा दिसेनासे झाले, तर मिनिटांचा हिशेब असतो. जेल विरघळविणारे औषध त्याच खोलीत तयार आहे काय, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. बोटॉक्सने मानेचे खाली ओढणारे स्नायू सैल करून जबड्याची रेषा किंचित उजळविण्याची पद्धतही आहे. तिचा परिणाम तीन-चार महिन्यांचा.

आता आपल्या वाचकांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा भाग. जाऊबाईंनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना जो प्रश्न विचारला, तो मला सुचला नव्हता : “मी कंदमूळ खात नाही. तुम्ही माझ्या गालात घालणार ते कोठून आणले आहे?” प्रश्न अगदी योग्य होता. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले भरणीद्रव्य गाईच्या कातड्यातील कोलेजनाचे होते. हायलुरोनिक आम्ल प्रथम सापडले ते १९३४ साली गाईच्या डोळ्यात. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आज बहुतेक जेले जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतात, परंतु जिवाणू वाढविण्यासाठी वापरलेले पोषणद्रव्य प्राणिज आहे की नाही, हे वेष्टनावर लिहिलेले नसते. ते कंपनीकडून लेखी मागवावे लागते. शिवाय जेल विरघळविणारे जे औषध जवळ असणे अत्यावश्यक म्हणून वर सांगितले, ते अनेकदा मेंढ्यांच्या वा गुरांच्या वृषणांपासून मिळविलेले असते. बोटॉक्स हे जिवाणूचे विष. त्यात मानवी रक्तातील प्रथिन मिसळलेले असते, आणि प्रत्येक उत्पादनाची मात्रा ठरविण्यासाठी दीर्घकाळ उंदरांवर मरेपर्यंत चाचणी केली जात असे. एका मोठ्या उत्पादकाच्या पेशींवरील पर्यायी चाचणीला २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, पण सर्वच उत्पादकांचे तसे आहे असे समजू नये. धाग्यांच्या बाबतीत चित्र सोपे आहे. पॉलिडायॉक्सॅनोन कृत्रिम रसायन आहे, आणि लॅक्टिक आम्ल सामान्यतः वनस्पतींतील साखर आंबवून मिळवितात. ध्वनिलहरींत शरीरात काहीच घातले जात नाही. यातून कोणी काय वर्ज्य करावे, हे ज्याच्या त्याच्या नियमांवर सोडते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, एवढे मात्र खरे.

तर आम्ही दोघी निघालो. पत्रकावरील दवाखाना शेजारच्या मोठ्या शहरातला. काचेचे दार, मंद संगीत, पाण्याऐवजी काकडी घातलेले पाणी. डॉक्टर भेटण्याआधी एक तरुण मुलगी भेटली. तिने जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे दोन मिनिटे पाहून वीस धागे, दोन भरण्या आणि ध्वनिलहरींचे एक सत्र असा हिशेब मांडला, मासिक हप्त्यांचा कागद पुढे केला आणि सवलत आज संध्याकाळपर्यंतच असल्याचे सांगितले. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, पूर्वी ओठांवर नागीण उठली होती काय, यांपैकी काहीही विचारले नाही. मी डॉक्टर असल्याचे सांगितले नव्हते. डॉक्टरांची पदवी विचारली, तर भिंतीवरील प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांकडे बोट दाखविले गेले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत नेमके हेच बजावले आहे की, कार्यशाळेत वा चित्रफितीत पाहिलेले काम म्हणजे सौंदर्योपचाराचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. त्वचारोगशास्त्रातील वा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय खुर्चीत बसू नये. आम्ही काकडीचे पाणी पिऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाई आमच्याच गावाजवळच्या, साध्या दवाखान्यातल्या. त्यांनी जाऊबाईंना दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणावयास सांगितले होते. ते बराच वेळ पाहिले. मग हातात आरसा देऊन प्रथम बसवून आणि नंतर उताणे झोपवून चेहरा पाहावयास लावला. झोपल्यावर गाल कानांकडे सरकतात. धाग्यांनी फार तर एवढे आणि बहुधा याहून कमीच साधते, असे सांगितले. त्यानंतर तोंड उघडावयास लावले. वरच्या जबड्यातील दोन्ही बाजूंच्या मिळून चार दाढा नव्हत्या. कित्येक वर्षांपूर्वी काढलेल्या, आणि ‘दिसत नाहीत’ म्हणून पुन्हा बसविलेल्या नव्हत्या.

“आधी दंतवैद्याकडे जा,” त्या म्हणाल्या. “धागे घातल्यावर दोन-तीन आठवडे तोंड मोठे उघडता येत नाही, दातांचे काम करता येत नाही. म्हणून ते आधी. साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल मला पाहावयाचा आहे, कारण वाढलेल्या साखरेत धाग्याभोवती पू होतो. आणि लग्नाला आता किती आठवडे राहिले?”

“दहा.”

“मग लग्नापूर्वी नको.”

कारण त्यांनी सविस्तर सांगितले, आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांच्यासाठी ते मुद्दाम येथे देते. धागे घातल्यावर सूज आणि काळेनिळे डाग पंधरा दिवस राहू शकतात. कधी कातडी ओढली जाऊन खळी पडते, ती महिनाभरही रेंगाळते. एखाद्या बाजूचा धागा सुटला तर चेहरा असमान दिसतो आणि तो दुरुस्त करावयास पुन्हा वेळ हवा. ध्वनिलहरींचा परिणाम तर दिसावयासच तीन महिने लागतात. तारीख ठरलेली असली की रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही विवेकबुद्धी घाईला येते. शिवाय जाऊबाईंचे वजन अजून उतरतच होते. ते निदान सहा महिने स्थिर राहू द्यावे, नाही तर आज ओढलेला चेहरा उद्या पुन्हा रिकामा होईल. सर्वांत महत्त्वाचे त्यांनी शेवटी सांगितले : तुमचा चेहरा ओघळला आहे त्याहून अधिक तो रिकामा झाला आहे, धाग्यांनी जबड्याची रेषा थोडी सुधारेल, गालांची खोली जाणार नाही. शस्त्रक्रियेचा पर्यायही त्यांनी लपविला नाही. कातडी आणि खालचा पडदा दोन्ही घट्ट करणारी ती एकच गोष्ट आहे आणि तिचा परिणाम अनेक वर्षांचा, परंतु पूर्ण भूल, कानांभोवतीचे टाके आणि महिनाभराची विश्रांती ही तिची किंमत. जाऊबाईंना ती नको होती. मलाही त्यांच्यासाठी ती नको वाटली.

घरी परतताना गाडीत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याची वेळ घेतली.

वैशाखात लग्न झाले. तोपर्यंत दाढा काढघालीच्या कवळीने बसल्या होत्या, आणि खरोखर गाल थोडे भरले होते. छायाचित्रे मी पाहिली आहेत. जाऊबाई छान दिसतात, दमलेल्या दिसतात आणि छप्पन्न वर्षांच्या दिसतात. मला वाटले विषय संपला. तो संपला नव्हता. चातुर्मास उलटल्यावर, साखरेचा अहवाल ६.४ आला आणि वजन सात महिने काट्यावर हलले नाही, तेव्हा त्यांनी मला दूरध्वनी केला : “ताई, येता का बरोबर?” या वेळी घरात कोणी थट्टा केली नाही. दीर गाडी चालवीत आले, मात्र दवाखान्याच्या आत पाऊल टाकले नाही.

भरणीद्रव्याच्या पोषणद्रव्याविषयी कंपनीचे लेखी उत्तर समाधानकारक आले नव्हते, म्हणून ती त्यांनी नाकारली. त्यामुळे गालांच्या खोलीवर काहीच होणार नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा एकदा समजावून लिहून घेतले. दोन्ही बाजूंना चार चार धागे घातले. मी शेजारी उभी होते. भूल देताना टोचते तेवढेच दुखले, नंतर धागा सरकताना कानाशी कापड फाटल्यासारखा आवाज येतो, तो अधिक नकोसा वाटल्याचे त्या म्हणाल्या. आठवडाभर उशा रचून उताणे झोपणे, पातळ भात आणि मुगाचे वरण, हसणे बेताचे. डाव्या गालावर मात्र एक खळी पडली. चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता आरशासमोर रडत त्यांनी मला बोलाविले, आणि खरे सांगते, मलाही भीती वाटली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोटांनी हळुवार दाबून ती बरीचशी सोडविली. उरलेली अकराव्या दिवशी दिसेनाशी झाली. ज्या दवाखान्यात रात्री दूरध्वनी उचलला जात नाही तेथे हे उपचार करून घेऊ नयेत, असे माझे त्या दिवसापासून मत झाले आहे.

तीन महिन्यांनी जबड्याची रेषा स्पष्ट दिसत होती. भेटणाऱ्यांनी ‘काही तरी करून घेतले का’ असे विचारले नाही. ‘आजारी होता का’ हेही विचारले नाही. गालांची खोली जशीच्या तशी होती. आता त्या गोष्टीला चौदा महिने झाले.

गेल्या रविवारी त्या आल्या होत्या. डॉक्टरांनी काढलेली तीन छायाचित्रे त्यांनी टेबलावर ओळीने मांडली : धाग्यांपूर्वीचे, तीन महिन्यांनंतरचे आणि वर्षानंतरचे. पुन्हा करावे काय, याविषयी त्यांना माझे मत हवे होते. मी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक मला कळला. पहिल्या आणि तिसऱ्यातला कळला नाही, आणि मी तसे स्पष्ट सांगितले.

“मला कळतो,” त्या म्हणाल्या, आणि छायाचित्रे पाकिटात घालून ठेवली.